कागद केला होता, पण कामाला आला नाही

मी आपल्या बचत गटांची सहयोगिनी बोलतेय. मागच्या वेळी आपण गटाच्या अंतर्गत कर्जाबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा अवघड आहे. आपल्या बैठकीत तो कधी निघत नाही, आणि निघाला तर कुजबुजत निघतो. लग्न न करता नवरा-बायकोसारखं राहणाऱ्या बाईच्या घराचं, पैशाचं पुढे काय होतं, हा तो विषय.

तुम्ही म्हणाल, ते लिव्ह इन का काय म्हणतात ते पुण्या-मुंबईचं, आपल्याकडे कुठे? पण जरा आपल्याच वाड्या-वस्त्या नजरेसमोर आणा. विधवा बाई आणि बायको वारलेला बाप्या, दोघांनी एकमेकांचा आधार धरलेला. पाड्यावरची जोडपी, लग्नाच्या जेवणावळीला पैसे नाहीत म्हणून तशीच नांदायला लागलेली, आणि पुढे सामुदायिक विवाहात कडेवर लेकरू घेऊन बोहल्यावर उभी राहिलेली. मारहाणीला कंटाळून नवऱ्याचं घर सोडलेली, घटस्फोट कधी झालाच नाही आणि आता दुसऱ्याबरोबर संसार करणारी. या सगळ्या आपल्याच बाया आहेत. आपल्याच गटात महिन्याला बचत भरतात.

आज मी अशाच एका मावशींची गोष्ट सांगणार आहे. नाव सांगत नाही. त्यांनीच मला सांगितलं, "माझं झालं ते झालं, दुसरीचं होऊ नये. रेडिओवर सांग." या गोष्टीत माझीही एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

मावशी ऐन तिशीत विधवा झाल्या. मूलबाळ नाही. पुढे गावातल्याच तात्यांबरोबर राहायला लागल्या. तात्यांची बायको वारलेली, दोन मुलं मोठी होऊन शहरात कामाला लागलेली. लग्न करायचं म्हटलं तर मुलं म्हणाली, "या वयात लोक हसतील." म्हणून लग्न राहिलं. पण चौदा वर्षं दोघं एका घरात राहिली. तात्यांचं दुखणंखुपणं मावशींनी काढलं. घर म्हणजे आधी एक पडकी खोली होती. मावशींनी गटातून तीन वेळा कर्ज काढलं. पहिल्यांदा १५ हजार जोत्यासाठी, मग २५ हजार भिंती आणि पत्र्यासाठी, शेवटी १० हजार संडासासाठी. शेळ्या विकून, शेवया करून सगळे हप्ते फेडले. एकही हप्ता थकला नाही.

पहिल्या कर्जाच्या वेळी आमच्या बैठकीत एक बाई पटकन बोलून गेली, "ठेवलेल्या बाईला कशाला कर्ज?" मावशी खाली मान घालून बसल्या. मी तेव्हा त्या बाईला गप्प केलं, पण नंतर मनात विचार आला, हा शब्द आपण किती सहज वापरतो. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात याच अर्थाचा इंग्रजी शब्द आला होता. तेव्हा केंद्र सरकारच्या वकील इंदिरा जयसिंग यांनी भर न्यायालयात त्या शब्दाला हरकत घेतली होती. एवढ्या मोठ्या ठिकाणी एका बाईला हे बोलावं लागतं, तर आपल्या गटात आपणही बोललं पाहिजे.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी तात्या आणि मावशी माझ्याकडे आले. तात्या म्हणाले, "माझ्या माघारी हिला कुणी बाहेर काढू नये, असा कागद करून दे." मला बरं वाटलं. बीए झालेली पोर, चार अक्षरं लिहिता येतात. तहसील कचेरीबाहेर गेलो, शंभराचा स्टॅम्प घेतला, मजकूर मी सांगितला, टायपिंगवाल्याने टाइप केला, नोटरीने शिक्का मारला. मजकूर साधारण असा होता: आम्ही लग्न न करता एकत्र राहतो, ही माझ्यासोबत राहते, माझी सेवा करते, त्या बदल्यात माझ्या घराचा निम्मा हिस्सा मी हिला देत आहे. मी मावशींना म्हणाले, "मावशी, आता काळजी करू नका, पक्कं झालं."

तात्या अचानक गेले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आधी संपलं. तेराव्यापर्यंत मुलं गप्प होती. चौदाव्या दिवशी पुढच्या खोलीला कुलूप लागलं. "तुम्ही आता तुमची सोय बघा," म्हणाले. रात्री मावशी प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद घेऊन माझ्या दारात आल्या. "पोरी, कागद हाय की आपल्याकडं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला विधी सेवा समितीत गेलो. तिथे बाईला वकील फुकट मिळतो. उत्पन्न किती आहे ते विचारत नाहीत, बाई आहे एवढं पुरतं. तिथल्या वकीलताईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि विचारलं, "हा मजकूर कुणी लिहिला?" मी म्हटलं, "मी." मग त्यांनी एकेक गोष्ट समजावून सांगितली. तीच मी तुम्हाला सांगते, नीट ऐका.

पहिली गोष्ट. घर, जागा, जमीन हयातीत दुसऱ्याच्या नावावर करायची असेल तर नोटरीच्या शिक्क्याने होत नाही. खरेदीखत असो की बक्षीसपत्र, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदवावाच लागतो. नोटरीचा शिक्का फक्त एवढंच सांगतो की या माणसाने माझ्यासमोर सही केली. त्याने मालकी बदलत नाही. शंभराचा असो की आताचा पाचशेचा, स्टॅम्प कितीचा आहे यावर काही नाही.

दुसरी गोष्ट. "राहते, सेवा करते, त्या बदल्यात घर देतो" ही माझी भाषाच घातक होती. आपल्या करार कायद्यात अनैतिक मोबदल्यावरचा करार टिकत नाही. एकत्र राहण्याच्या बदल्यात मालमत्ता, असं लिहिलं की समोरचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो. मावशींनी घरात ५० हजार घातले होते, ते मात्र कागदात कुठेच नव्हतं. जे लिहायला हवं ते राहिलं आणि जे नको ते लिहिलं.

तिसरी गोष्ट ऐकून तर मला रडूच आलं. बाई आणि पुरुष वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून एका घरात राहिले, गावाने त्यांना तसं मानलं, तर न्यायालय त्यांचं लग्न झालेलं आहे असं धरून चालू शकतं. लग्न झालेलं नाही हे विरोध करणाऱ्याने सिद्ध करायचं. २०२२ साली केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर अशा जोडप्याच्या मुलाला घराण्याच्या मालमत्तेत वाटा दिला. मावशींनाही ही वाट होती. तात्यांची विधवा म्हणून मुलांच्या बरोबरीने वाटा मागता आला असता. पण माझ्या कागदात पहिलंच वाक्य होतं, "आम्ही लग्न न करता एकत्र राहतो," खाली दोघांचे अंगठे. वकीलताई म्हणाल्या, "मुलांना वेगळा पुरावा द्यायची गरजच नाही. तुमचाच कागद पुरे आहे."

चौथी गोष्ट, ग्रामपंचायतीत नमुना आठवर ते घर तात्यांच्या वडिलांच्या नावाने होतं. म्हणजे त्यात तात्यांच्या भावाचाही हक्क निघाला. देणाऱ्याच्या नावावर काय आहे, ते मी तपासलंच नव्हतं.

मग मावशींच्या हातात काय राहिलं? मैत्रिणींनो, इथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा कामाला आला. तो फक्त लग्नाच्या बायकोसाठी नाही. लग्नासारख्या नात्यात एका घरात राहणाऱ्या बाईलाही तो लागू आहे. मारहाण, शिवीगाळ, पैशाची अडवणूक, घराबाहेर काढणं, या सगळ्यापासून त्यात संरक्षण मिळतं. नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या नातेवाइकांविरुद्धही तक्रार करता येते. संरक्षण अधिकाऱ्यांकडे आम्ही अर्ज दिला. न्यायालयाने मावशींना घराबाहेर काढू नका असा आदेश दिला. पुढे तिथेच समेट झाला. मागची खोली मावशींना मरेपर्यंत राहायला, आणि गटाच्या कर्जाचे ५० हजार मुलांनी हप्त्याने द्यायचे.

ते ५० हजार कशाच्या जोरावर मिळाले? आपल्या गटाच्या वहीच्या. तिन्ही वेळच्या इतिवृत्तात कर्जाचं कारण लिहिलेलं होतं: घराचं जोतं, भिंती आणि पत्रा, संडास. बँकेतून पैसे काढल्याच्या नोंदी होत्या. जी वही लिहायला आपण कंटाळतो, तिनेच मावशींना तारलं.

पण घर मावशींचं झालं नाही. राहायचा हक्क मिळाला, मालकी मिळाली नाही. आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच. लग्नासारखं नातं असलेल्या बाईला आपला कायदा छळापासून वाचवतो, घरातून हाकलू देत नाही. पण जोडीदार वारला तर त्याच्या वारसांत तिचं नाव आपोआप लागत नाही. चौदा वर्षं राहा की चाळीस. मालमत्ता हवी असेल तर दोघंही धडधाकट असताना नीट कागद करावा लागतो.

आता संरक्षणाबद्दल एक इशारा. हा कायदा लागू व्हायला काही अटी आहेत. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने त्या सांगितल्या. दोघं समाजात नवरा-बायकोसारखे वावरत असले पाहिजेत. दोघांचं लग्नाचं वय झालेलं हवं. दोघं कायद्याने लग्नाला मोकळे हवेत, म्हणजे आधीचा नवरा किंवा बायको हयात आणि घटस्फोट नाही, असं नको. आणि स्वखुशीने बराच काळ एकत्र राहिलेले हवेत. यातली तिसरी अट आपल्या बायांना अडवते. जातपंचायतीत बसून किंवा स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेली काडीमोड न्यायालयात सहसा टिकत नाही. तशी रूढी जमातीत पूर्वापार आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नाही. म्हणून आधीचं लग्न कायद्याने मोडल्याशिवाय नवा संसार मांडू नका. फुकट वकील आहे, घटस्फोटाचा अर्ज करा.

पुरुष आधीच लग्न झालेला असेल तर काय? २०१३ साली एका महिन्याच्या अंतराने सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले. एका प्रकरणात, जे महाराष्ट्रातलंच होतं, पुरुषाने पहिलं लग्न लपवून दुसरं लग्न केलं होतं. न्यायालय म्हणालं, फसवणाऱ्याला स्वतःच्या लबाडीचा फायदा मिळणार नाही, या बाईला पोटगी द्यावी लागेल. दुसऱ्या प्रकरणात बाईला माहीत होतं की हा लग्नाचा आहे, तरी ती त्याच्याबरोबर राहिली. तिला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचं संरक्षण मिळालं नाही. तेव्हा "बायकोला सोडणार आहे" म्हणणाऱ्याला आधी घटस्फोटाचा हुकूम दाखव म्हणा.

लेकरांचं मात्र वेगळं आहे. आईबापाचं लग्न झालेलं असो वा नसो, लेकराच्या पोटगीचा हक्क बापाकडून आहेच. जन्मनोंदीत बापाचं नाव लावून घ्या. आणि लग्न लागलं, पण ते कायद्याने रद्द ठरलं, अशा हिंदू आईबापाच्या मुलांना बापाच्या वाट्याला येणाऱ्या वडिलोपार्जित हिश्शातही हक्क आहे, असं २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

परवा एकीने विचारलं, "टीव्हीवर दाखवलं की आता असं राहायची नोंदणी करावी लागते." तो कायदा उत्तराखंडचा. तिथे जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायदा लागू झाला आणि अशा नात्याची नोंदणी सक्तीची केली. आपल्या महाराष्ट्रात तसा कायदा नाही. दोन सज्ञान माणसं स्वखुशीने एकत्र राहिली तर तो गुन्हा नाही. त्यावरून कुणी पोलिसाची भीती घातली तर घाबरू नका.

आता काय करायचं ते सांगते. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

दोघं मोकळे असाल आणि मनात असेल तर सर्वात सोपा उपाय म्हणजे लग्न करा आणि नोंदवा. आपल्या गावात नोंदणी ग्रामपंचायतीतच होते. मांडव-जेवणावळ काही लागत नाही. तालुक्याच्या कुणी विचारलं तर विशेष विवाह कायद्याने नोंदणी पद्धतीचं लग्नही करता येतं, त्याला तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. लग्न झालं की वारसाहक्क आपोआप येतो. आणखी एक फायदा ऐका. नवऱ्याने राहतं घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. नुसत्या सोबत राहणाऱ्या बाईला तेच घर दिलं तर ही सवलत नाही, बाजारभावाच्या हिशेबाने शुल्क भरावं लागतं.

लग्न करायचं नसेल तर मृत्युपत्र करा. याला स्टॅम्पपेपर लागत नाही. कोऱ्या कागदावर चालतं. लिहिणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि त्याने तो करताना पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार शक्यतो असे घ्या, ज्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, आणि जे लिहिणाऱ्यापेक्षा वयाने लहान आहेत. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या, पुढे वाद कमी होतो. लिहिणारा म्हातारा असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला जोडा की हे शुद्धीवर आहेत, समजून सही करतात. माणसाला स्वतःच्या कमाईचं सगळं आणि वडिलोपार्जितातला फक्त आपला हिस्सा देता येतो. म्हणून आधी सातबारा आणि नमुना आठ काढून नाव कुणाचं ते बघा. शेतजमीन असेल तर वकिलाला विचारूनच लिहा. शेतकरी नसलेल्याच्या हाती शेतजमीन द्यायला आपल्याकडे कायद्याचे निर्बंध आहेत. आणि मृत्युपत्र कधीही बदलता येतं हेही ध्यानात ठेवा. बक्षीसपत्राने एकदा दिलेलं सहज परत घेता येत नाही.

नवी जागा किंवा घर घेत असाल, आणि पैसे दोघांचे असतील, तर खरेदीखतातच दोघांची नावं घाला. नंतर नाव लावू म्हणाल तर ते सहजासहजी लागत नाही.

पैसे तुम्ही घालताय आणि जागा त्याच्या नावावर आहे, असं असेल तर पैशाचा करार करा. अमुक तारखेला अमुक रक्कम घराच्या कामासाठी दिली, घर विकलं किंवा आम्ही वेगळे झालो किंवा एकजण वारलं तर ती परत द्यायची. एवढंच लिहा. राहण्याचं, सेवेचं, नात्याचं त्यात काही लिहू नका. पैसे रोख देऊ नका, खात्यातून द्या. विटा-सिमेंटची बिलं आपल्या नावाने घ्या. आणि सही करायच्या आधी मजकूर विधी सेवेच्या वकिलाला दाखवा. माझ्यासारख्या सहयोगिनीवर विसंबू नका!

शेवटचं, नॉमिनी. बँकेचं खातं, ४३६ रुपयांचा विमा, सगळीकडे जोडीदाराचं नाव नॉमिनी म्हणून घालता येतं. पैसा पटकन हातात येतो. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारस नंतर मागू शकतात. म्हणून मृत्युपत्रातही तेच नाव, त्याच रकमेसह लिहा.

गटाच्या अध्यक्ष आणि सचिव मैत्रिणींना माझी एक विनंती. घरासाठी कर्ज देताना इतिवृत्तात कारण सविस्तर लिहा. घर कुणाच्या नावावर आहे हे त्याच बैठकीत विचारा. लग्नाची बाई असली तरी विचारा. आणि कुणी "ठेवलेली" म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा.

मदत हवी असेल तर महिला हेल्पलाइन १८१. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००. दोन्ही नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

मावशी आता मागच्या खोलीत राहतात. मिळालेल्या पैशातून दोन शेळ्या घेतल्या. मागच्या महिन्यात बैठकीला आल्या आणि आमच्या गटातल्या दुसऱ्या एका बाईला, जी अशीच राहते, तिला म्हणाल्या, "तुझा माणूस चांगला हाय ना? मग तो चांगला असतानाच घेऊन जा तालुक्याला." मी त्यांच्याबरोबर गेले. या वेळी मजकूर मी नाही, वकीलताईंनी लिहिला.

पुढच्या गुरुवारी याच वेळी भेटू. नमस्कार.